हौसाआत्यांचं कुर्र

हौसाआत्या आधी ऐकू आल्या, दिसल्या नंतर. बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या अंगाला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं केंद्र आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या लहान मुलांना तिथं ऐकायला आणि बोलायला शिकवतात, आणि मी तिथली शिक्षिका. त्या दिवशी खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षावाल्याला झापत होतं. “आरं, मला काय आभाळात न्हेऊन सोड म्हनत न्हाय मी. जिना कुठं हाय, तेवडं सांग!” आवाज असा खणखणीत, की माझ्यासमोर बसलेल्या पोरानं हातातलं खेळणं टाकून खिडकीकडं पाहिलं. मी कितीतरी दिवस त्याच्या पाठीमागं डफ वाजवत होते, पण त्याची मान काही वळली नव्हती. ती हौसाआत्यांनी रस्त्यावरून वळवली.

मग त्या जिन्यानं वर आल्या. उंच, काळ्यासावळ्या, पन्नाशीच्या, पदर कमरेला खोचलेला. कडेवर एक गोरटेली पोरगी, अडीच वर्षांची असेल. मागून तिची आई, वैशाली. ती इतकी हळू चालत होती, की पायरी दुखेल असं तिला वाटत असावं. आत्यांनी खाली बसायच्या आधीच निकाल देऊन टाकला.

“पोरगी ऐकती बरं का, बाई. ऐकती सगळं, फकस्त बोलत न्हाय. तुमच्याकडं बोलायचं मशीन असंल तर बगा.”

अशा माणसांचा मला पहिल्यांदा राग येतो. मुलाला काय झालंय हे ज्यांनी घरूनच ठरवून आणलेलं असतं, त्यांना काही सांगायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी वैशालीला विचारलं, “तुम्हाला काय वाटतं?” तिनं माझ्याकडं न बघता आत्यांकडं बघितलं आणि पोरीच्या झबल्याचा बंद सारखा केला. उत्तर आत्यांनीच दिलं.

आत्या मूळच्या इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या. लग्न होऊन वरकुट्याला गेल्या, पण नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून माहेरी परत आल्या. आई अंथरुणाला खिळलेली, धाकटा भाऊ दत्ता अजून चड्डीची नाडी बांधता न येणारा. त्याला आत्यांनी वाढवलं, त्याचा ऊस लावला, त्याचं लग्न लावलं. सई ही दत्ताची पहिली मुलगी, म्हणजे हौसाआत्या तिच्या सख्ख्या आत्या. पण वस्तीवर त्या सगळ्यांच्याच आत्या होत्या, आणि त्याचं कारण बारसं.

बारशात पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करायचं आणि नाव सांगायचं, हा मान आत्याचा. ती वाकली की मागून तिच्या पाठीत धपाटे घालायचे, हा मान बाकीच्या बायकांचा. एखाद्या घरी सख्खी आत्या नसली, लांब असली किंवा लाजाळू असली, की हौसाआत्यांना बोलावणं यायचं. त्यांचं कुर्र अंगणातल्या मांडवात ऐकू जायचं. पाठीत धपाटे बसत असताना वाकलेल्या अवस्थेतच त्या बायकांना शिव्या घालायच्या आणि बायका आणखी जोरात मारायच्या. “माझ्या पाठीला इचारा, किती पोरांची नावं ठिवली त्ये,” असं त्या म्हणायच्या. वस्तीवरच्या निम्म्या पोरांना आपलं नाव पहिल्यांदा हौसाआत्यांच्या तोंडून कळलं होतं.

सई जन्मली बारामतीच्या एका दवाखान्यात. तिथं तान्ह्या बाळाच्या कानात एक बारीकशी नळी ठेवून तपासतात. बाळ झोपलेलं असतं, त्याला काही कळतही नाही. सईच्या दोन्ही कानांना मशीननं पास म्हटलं नाही. नर्सनं सांगितलं, घाबरू नका, कधी कधी कानात पाणी असतं, पण महिन्यानं परत घेऊन या, विसरू नका. कुणी विसरलं नाही. दत्तानं जायचा दिवससुद्धा ठरवला होता. त्याच्या अलीकडं बारसं आलं.

आत्या आयुष्यभर ज्या बारशाची वाट बघत होत्या, ते हे बारसं. त्या पाळण्यात वाकल्या, कानाला ओठ लावून कुर्र केलं आणि म्हणाल्या, “सई!” पोरीनं खांदा कानाशी आवळला, मान वळवली आणि हसली. आत्यांच्या पाठीत धपाट्यांचा पाऊस पडत होता. वाकूनच त्या ओरडल्या, “हसली का गं?” पाळण्याच्या दोरीशी उभी असलेली वैशाली म्हणाली, “हसली, वन्सं.”

“मग झालं तर! पोरीला नाव कळलं, अन् तुमी त्या मशीनचं घिऊन बसलाय.”

घुगऱ्या वाटल्या गेल्या. बारामतीला कुणी गेलं नाही.

पुढं कुकरच्या शिट्टीनं पोरगी दचकत नाही, हे वैशालीच्या लक्षात आलं होतं. तिनं ते एकदा बोलून दाखवलं. आत्या म्हणाल्या, रोजच्या शिट्टीला कोन दचकतंय? पोरगी बोलेना, तेव्हा म्हणाल्या, दत्ताबी उशिराच बोलला हुता. हे सगळं मला आत्यांनीच सांगितलं, नंतर, काहीही न लपवता. माझ्या तोंडून त्यांना स्वतःसाठी शिव्या ऐकायच्या होत्या.

सईची मोठी तपासणी झाली, ती मी बघितली. तिला वैशालीच्या मांडीवर झोपवलं, कपाळाला आणि कानांमागं वायरी लावल्या. आवाज मेंदूपर्यंत पोचला की पडद्यावरच्या रेघेला उंचवटा येतो. सईची रेघ सपाट राहिली. आवाज अगदी शेवटापर्यंत वाढवला तेव्हा कुठं ती जराशी हलली. कान तपासणाऱ्या सरांनी आवाज खाली आणून सांगितलं, दोन्ही कान, फार थोडं ऐकू येतं.

“खोटं,” आत्या म्हणाल्या. “मी कुर्र केलं तवा हसली हुती ती. साऱ्या बायकांनी बगितलंय. हिला इचारा.”

सर समजावू लागले. आत्यांनी ऐकलं नाही. तोवर सई जागी झाली होती. आत्यांनी तिला उचललं, तिच्या कानाला तोंड लावलं आणि कुर्र करून “सई!” म्हणाल्या. खालच्या दवाखान्यातला कंपाउंडर काय झालं बघायला जिन्यात आला. सईनं खांदा आवळला आणि हसली. आत्यांनी आमच्याकडं जिंकल्यासारखं पाहिलं.

सर आत्यांच्या ओठांकडं आणि सईच्या कानाकडं बघत होते. ते काय बघतायत, हे त्या बाईला त्या नजरेतूनच कळलं असावं. त्या पुन्हा वाकल्या. या वेळी आवाज केला नाही. नुसती फुंकर मारली. सईनं तोच खांदा आवळला, आणि तशीच हसली. आत्यांनी पुन्हा फुंकर मारली. पुन्हा तेच हसू. मग त्यांनी पोरीला वैशालीच्या मांडीत दिलं आणि खाली फरशीवर बसल्या.

“वारा,” त्या म्हणाल्या. “माझ्या तोंडाचा वारा लागला हुता पोरीला.”

थोड्या वेळानं त्यांनी सरांना विचारलं, “नर्स बोलली तवाच आनली असती तर?” सर खरं बोलणारे आहेत. त्या दिवशी त्यांनी खोटं बोलावं, असं मला फार वाटलं. ते म्हणाले, “तान्हेपणीच कानाला ऐकायचं मशीन लावून शिकवलं असतं, तर बरंचसं बोलली असती. डोकं आवाज शिकतं ते याच वयात. आता शिकेल, पण थोडं.”

आत्या वैशालीकडं वळल्या. “मार मला,” म्हणाल्या. “बारशाला घालतीस न्हवं पाठीत? मग आता घाल.”

वैशालीनं पोरीचं टोपरं नीट केलं. “कशाला मारू, वन्सं? हसली म्हनून मीच सांगितलं की तुमास्नी. मलाबी त्येच पायजे हुतं.”

ती ओरडली असती, रडली असती, माहेरी निघून गेली असती, तर आत्यांनी ते सोसलं असतं. हे त्यांना सोसलं नाही. मी जिन्यापर्यंत पोचवायला गेले, तर एवढी धिप्पाड बाई कठडा धरून उतरत होती.

त्यानंतर त्या सईला घेऊन येऊ लागल्या. कळंबहून निघायचं, जंक्शन नावाच्या गावी एसटी बदलायची, बारामतीला उतरायचं. वैशालीला पुन्हा दिवस गेले होते, त्यामुळं येणं आत्यांकडंच. खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत. पिशवीत भाजलेल्या शेंगा आणि गूळ असायचा आणि केंद्रातल्या प्रत्येक मुलाच्या ओंजळीत त्यातला वाटा पडायचा. मी म्हणायचे, आत्या, तोंडात शेंगा असल्या तर ही बोलतील कशी? त्या म्हणायच्या, “बाई, तुमी खाऊन बोलत न्हाय का? मला तर तुमी जेवतानाच जास्त बोलताना दिसता.”

सईला कानाची मशीनं लागली. तिला ती मुळीच आवडली नाहीत, उपटून फेकायची. एकदा तिनं एक मशीन कडब्याच्या गंजीत भिरकावलं. घरातल्या सगळ्यांनी गंज उपसायला घेतली. आत्यांनी सगळ्यांना गप्प केलं, अगदी दावणीच्या म्हशीलासुद्धा दटावलं, आणि नुसत्या उभ्या राहिल्या. असं मशीन कशात तरी दबलं की बारीक शिट्टी मारतं. त्या शिट्टीच्या मागानं जाऊन त्यांनी पेंढीत हात घातला आणि मशीन बाहेर काढलं. ही गोष्ट त्यांनी केंद्रात म्हशीच्या नकलेसह सांगितली, आम्ही पोट धरून हसलो. आत्याही हसल्या. मग मशीन पुसता पुसता म्हणाल्या, “माजं कान लई तिखट, बाई. काडून देता येत असतं तर एक दिला असता पोरीला.”

शिकताना मात्र त्यांच्याइतकी त्रासदायक पालक मला दुसरी भेटली नाही. आमचा एक साधा खेळ असतो. मुलाच्या पाठीमागून आवाज करायचा, आवाज आला की मुलानं हातातली बांगडी डब्यात टाकायची. आलाच नाही तर टाकायची नाही. सई पहिल्याच आठवड्यात झकास बांगड्या टाकू लागली. आत्यांचा आनंद गगनात मावेना. मला शंका आली. बघते तर काय, मी आवाज केला की समोर बसलेल्या आत्यांच्या भुवया वर जायच्या आणि त्या भुवया बघून सई बांगडी टाकायची.

“आत्या, भुवया खाली ठेवा.”

“ठिवल्यात की.”

भुवया खाली ठेवल्या तर आत्यांची हनुवटी हलायची. हनुवटी धरली तर श्वास अडकायचा, आणि सईला तेवढंही पुरायचं. पोरीचे डोळे भलते तल्लख होते. शेवटी मी वैतागून म्हटलं, “आत्या, तुम्ही भिंतीकडं तोंड करून बसा.” त्या शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरीसारख्या भिंतीकडं तोंड करून बसल्या, आणि बांगड्या पडायच्या थांबल्या. कितीतरी दिवस डब्यात काही वाजलं नाही. पाठमोऱ्या आत्या रोज विचारायच्या, “टाकली का, बाई?” आणि मी म्हणायचे, “नाही अजून.”

सई या नावाचंही असंच. तिला ऐकू येणारा जो थोडासा भाग उरला होता, तो जाड, खालच्या आवाजांचा होता. स तिच्यापर्यंत पोचतच नव्हता, आणि मागच्या ईचाही भरवसा नव्हता. मी हे आत्यांना समजावून सांगितलं.

“मंजी मी ठिवलेलं नाव तिला कदीच ऐकू यायचं न्हाय?”

“मशीननं थोडं येईल. पण म, ब हे आवाज सोपे.”

“मग माई म्हनते.”

मी म्हटलं, असं नाव बदलायचं कारण नाही, शिकेल ती हळूहळू. पण आत्यांनी ऐकलं नाही. आयुष्यभर नावं ठेवत आलेल्या त्या बाईनं स्वतः ठेवलेलं, जपून ठेवलेलं नाव तिथंच माझ्यासमोर सोडून दिलं. त्या दिवसापासून घरात आणि केंद्रात सगळ्यांनी सईला माई म्हणायचं, असा हुकूम निघाला. सई हे नाव फक्त कागदावर राहिलं.

आणि एके दिवशी मी सईच्या पाठीमागून, तोंडावर हात धरून “माई” म्हटलं आणि डब्यात बांगडी वाजली. आत्या भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही. मी पुन्हा “माई” म्हटलं. पुन्हा बांगडी. आत्यांची पाठ हलू लागली. त्या मोठ्यानं रडणाऱ्या बाई, पण त्या दिवशी त्यांनी पदर तोंडात धरला होता. आवाजानं सईचा खेळ बिघडू नये म्हणून.

त्यांची दुसरी एक सवय मला बघवायची नाही. इंदापूरची एक मुलगी आमच्याकडं यायची. जन्मानंतरच्या तपासणीतच दोष कळलेली, तान्हेपणीच मशीनं लागलेली. सईच्याच वयाची, आणि अखंड बडबडी. आत्या तिला मांडीवर घ्यायच्या, शेंगा सोलून द्यायच्या आणि म्हणायच्या, “बोल गं, बोल.” ती मांजराचं, आजीचं, एसटीतल्या भांडणाचं सांगत राहायची. आत्या ऐकत राहायच्या आणि त्यांची नजर कोपऱ्यात मुकाट ठोकळे रचणाऱ्या सईवर असायची. मी त्या वेळी खोलीतून काहीतरी काम काढून बाहेर जायचे.

बारशाला जाणं त्यांनी सोडलं नाही. फक्त कुर्र करणं सोडलं. बोलावणं येवो न येवो, वस्तीवर किंवा आसपास पाळणा हलला की त्या हजर व्हायच्या आणि आल्या आल्या विचारायच्या, “कान तपासला का?” तपासला असला तर घुगऱ्या खाऊन परत. नसला तर बाळाच्या आईला बाजूला घेऊन सईची सगळी गोष्ट सांगायच्या, स्वतःच्या मूर्खपणासकट. अंथुर्ण्याला एका घरी आजीबाई भडकल्या. “एकीचं वाटोळं केलंस ते पुरलं न्हाय व्हय? शुभकार्यात कसलं बोलतीस?” आत्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “व्हय, मी केलं वाटोळं. म्हनून तर आले. दुसरी कोन येनार सांगायला?”

त्या घरानं रागानं का होईना, बाळाला बारामतीला नेलं. कान ठणठणीत निघाले. मुद्दाम निरोप आला, हौसाबाईला सांगा, आमचं पोरगं ऐकतंय म्हणावं. आत्यांनी केंद्रात पेढे आणले. मला वाटलं सईचं काहीतरी. त्या म्हणाल्या, “न्हाय ओ. अंथुर्ण्यात मी खोटी ठरले. दर घरी अशीच खोटी ठरू दे मी.”

वैशालीला मुलगा झाला. आत्यांनी दवाखान्यात त्या यंत्रापुढं ठाण मांडलं आणि दोन्ही कानांना पास आल्याशिवाय चहाला तोंड लावलं नाही. त्याच्या बारशाला मी गेले होते. पाळणा सजला, बायका धपाटे घालायला सरसावून उभ्या राहिल्या. वैशाली म्हणाली, “वन्सं, या की.” आत्या मागं सरकल्या. “दुसऱ्या कुनाला तरी वाकू दे. माज्या तोंडाला आता त्यो मान न्हाय.” वैशालीनं पुन्हा विनवलं. आत्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. नाव वैशालीच्या चुलत नणंदेनं ठेवलं. वैशाली सगळा वेळ दाराकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत त्या दिवशी पहिल्यांदा मी पाणी पाहिलं.

सई सहा वर्षांची झाली. माई अशी हाक मागून दिली तर वळायची. पाण्याला पा म्हणायची, आत्यांना आआ. मशीनं आणि आमची सगळी खटपट मिळून एवढंच जमलं. खुणांनी मात्र ती भराभर बोलायची, आणि त्या खुणा वस्तीवर कळायच्या फक्त आत्यांना. पोरं तिला खेळात घेत नसत. मी पुण्याकडच्या एका निवासी शाळेचं सुचवलं, तिथं सगळी मुलं तिच्यासारखी, सगळी खुणांनी बोलणारी. मला वाटलं होतं, आत्या माझ्या अंगावर धावून येतील. त्यांनी हातातल्या शेंगा पिशवीत परत टाकल्या. मग म्हणाल्या, “हितं तिच्याशी बोलनारी मी एकटी. मी काय जलमाला पुरतीय? घाला नाव.”

शाळेला निघायच्या सकाळी दत्ता सामान घेऊन स्टँडवर पुढं गेला होता. आत्या आणि वैशाली सईला मला भेटवायला घेऊन आल्या. पोरीला नवा फ्रॉक, दोन वेण्या, मशीनं वेणीच्या रिबिनीला दोऱ्यानं बांधलेली. मी तिच्या हातात डब्यातली एक बांगडी दिली. वैशालीनं मुलाला माझ्या टेबलाशी बसवलं होतं. गाडीची वेळ होत आली. आत्या सईपुढं गुडघ्यावर बसल्या.

त्यांनी तिच्या एका कानातलं मशीन काढलं. इतकी वर्षं जे काढू नकोस म्हणून त्या पोरीच्या मागं धावत होत्या, ते स्वतः काढलं आणि मुठीत धरलं. मग पाळण्यावर वाकतात तशा वाकल्या, मोकळ्या कानाला ओठ लावले आणि कुर्र केलं. म्हणाल्या, “सई.” माई नाही, सई. तो दणदणीत आवाज इतका बारीक झाला होता, की मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आला.

वैशाली त्यांच्या मागं उभी होती. तिनं हात उचलला आणि आत्यांच्या पाठीत धपाटा घातला. बारशात घालतात तसाच, चांगला वाजला. आणि मग तो हात तिनं पाठीवरून उचलला नाही.

आत्यांनी मान वर केली नाही. वाकूनच विचारलं, “हसली का गं?”

सईनं खांदा आवळला होता.

“हसली, वन्सं,” वैशाली म्हणाली.